ठोकलेली ऑक्टाव्हिया आरएस: ९ लाख जास्तच आहेत
तुम्ही लिहिलंय की २०१७ ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २३० घ्यायचा विचार आहे, पुढून ठोकलेली, एअरबॅग उघडलेत आणि मालक ९ लाखांवर अडून बसलाय. नवी असताना २४-२५ लाख एक्स-शोरूम होती वगैरे तो सांगेल, ते सोडून द्या, त्याचा आता काही संबंध नाही. तशीच न ठोकलेली गाडी आज कितीला जातेय ते बघा आणि त्यातून रिपेअरचा खरा खर्च वजा करा. तो पण गॅरेजवाल्याच्या तोंडी अंदाजावर नको, पार्टनंबरसकट लेखी एस्टिमेट घ्या, कारण एअरबॅग उघडले म्हणजे नुसते एअरबॅग नसतात, सीटबेल्टचे प्रिटेन्शनर (धडकेत पट्टा आवळणारे), एअरबॅगचं कंट्रोल मॉड्यूल आणि बऱ्याचदा डॅशबोर्ड पण जातो.

आणि बॉनेट उघडून एप्रन, म्हणजे इंजिनाच्या दोन्ही बाजूंचे आतले पत्रे, नीट बघा हो. कंपनीचे स्पॉट वेल्ड (पत्रे जोडणारे ठिपके) गोल, सारख्या अंतरावर असतात, तिथे सीलंट बोटाने फासल्यासारखं दिसलं किंवा लाँग मेंबरला (बॉडीखालच्या लांब दांड्याला) सुरकुती असली तर मी तरी हात लावणार नाही, २३० पीएस पुढच्या दोन चाकांवर येतात, चाकांची अलाइनमेंट जरा जरी वाकडी असली तरी शंभरच्या पुढे गाडी एका बाजूला खेचते.

इन्शुरन्सने टोटल लॉस केली होती का तेही विचारा, रिपेअरचा खर्च आयडीव्हीच्या (विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीच्या) ७५ टक्क्यांवर गेला की करतात. तसं असेल तर दुरुस्त करूनही विकताना पूर्ण भाव येणार नाही, तो फरक आत्ताच कापून घ्या. डीएसजीची (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची) सर्व्हिस हिस्ट्री नसेल तर अजून खाली या.