आईच्या केमोच्या फाईलवरचं १.४४ कुठून आलं?

कृष्णाकाठ
आईला (वय ६१) स्तनाचा कॅन्सर आहे. दोन केमो झाल्या, तिसरी गुरुवारी. काल रात्री फाईल चाळत बसले होते. पहिल्या पानाच्या कोपऱ्यात 'बीएसए १.४४' (म्हणजे अंगाचं क्षेत्रफळ, चौरस मीटरमध्ये) आणि त्याखाली उंची १५२, वजन ४९. लाल औषध दोन्ही वेळा ८६ मिलिग्रॅम. पण आईच्या तोंडाची चव गेली आहे, पेज तेवढी घशाखाली उतरते. आज घरच्या काट्यावर ४४ भरली. मग डोस जुन्याच वजनावर द्यायचा का? आणि औषध शिरेतून जातं, त्यात अंगाच्या क्षेत्रफळाचा काय संबंध? डॉक्टरांसमोर मला नीट बोलता यायला हवं.

डेकेअरची सिस्टर
ताई, मी बारा वर्षं केमोच्या डेकेअरला आहे. आधी आकडा स्वतः काढा. उंची सेंटीमीटरमध्ये, गुणिले वजन किलोत, भागिले ३६००, आलेल्याचं वर्गमूळ. १५२ गुणिले ४९ म्हणजे ७४४८. भागल्यावर २.०७, वर्गमूळ १.४४. फाईलवरचा आकडा बरोबर आहे, पण त्या दिवशीच्या आईंचा. आता ४४ घाला, १.३६ येईल. लाल औषध म्हणजे डॉक्सोरुबिसिन, चौरस मीटरला ६० मिलिग्रॅम. म्हणजे ८६ चे ८२ झाले. वजन दहा टक्क्यांनी उतरलं तरी डोस पाचच टक्क्यांनी, कारण मध्ये वर्गमूळ आहे.

आमच्याकडे वजन एवढं हललं की हिशोब नव्यानं करतात. डोस ठरवणार डॉक्टरच, रक्ताचे रिपोर्ट बघून. पण दीड महिन्यात पाच किलो गेले, हे त्यांना आवर्जून सांगा. मला त्या चार मिलिग्रॅमपेक्षा याची जास्त काळजी वाटते. आणि काट्यावर उभं करताना चपला, शाल, कमरेचा बटवा सगळं काढायला लावा. एका आजींच्या बटव्यात किल्ल्यांचा जुडगा आणि चिल्लर होती, नुसता बटवाच पाऊण किलो भरला. उंची मोजून लिहिली की विचारून, तेही बघा.

शरीरक्रियाशास्त्र शिकवायचो
संबंध त्वचेशी नाही. हृदय मिनिटाला किती रक्त ढकलतं, मूत्रपिंडं किती गाळतात, शरीर किती ऊर्जा जाळतं, हे वजनापेक्षा क्षेत्रफळाच्या जास्त जवळून चालतं. म्हणून केमोच्या औषधांना ते माप लावलं.

माप काढलं कसं, ते सांगण्याचा मोह आवरत नाही. १९१६ साली न्यूयॉर्कमध्ये द्युबुआ आडनावाच्या दोघा संशोधकांनी अवघ्या नऊ माणसांच्या अंगावर कागदी पट्ट्या चिकटवून साचे काढले, ते कापून सपाट केले आणि त्या आकाराचा कागद तोलून क्षेत्रफळ मोजलं. त्यातून आलेल्या सूत्रात उंचीचा घात ०.७२५, वजनाचा ०.४२५. तुमच्या आईंचं ४४ किलोला त्यानं १.३७ येतं. ३६०० वालं सोपं सूत्र मोस्टेलर यांचं, १९८७ चं. फरक शंभरावा भाग.

मात्र हे माप अंदाजाचंच. सारख्या क्षेत्रफळाच्या दोघींचं यकृत औषध सारखं पचवत नाही. म्हणून कॅन्सरच्या सगळ्याच औषधांना ते लावत नाहीत: कार्बोप्लॅटिनचा डोस मूत्रपिंडाच्या कामावरून काढतात, ट्रास्टुझुमॅबचा बहुधा किलोवर.

नाशिकचा मुलगा
बाबांच्या किडनीच्या रिपोर्टवर दर वेळी १.७३ चौरस मीटर असतं. ते बाबांचं क्षेत्रफळ का? बाबा तर किरकोळ अंगाचे.

शरीरक्रियाशास्त्र शिकवायचो
नाही. ते ठरवून घेतलेलं एकच माप आहे, १९२०च्या दशकातल्या तरुण अमेरिकनांच्या सरासरीचं. माणसामाणसाची तुलना करता यावी म्हणून सगळ्यांच्या रिपोर्टवर तेच येतं. बाबा लहान चणीचे असतील तर त्यांची मूत्रपिंडं प्रत्यक्षात गाळतात त्यापेक्षा आकडा थोडा चढाच दिसतो. औषधाचा डोस ठरताना डॉक्टरांना त्यांची उंची आणि वजन सांगा.

कृष्णाकाठ
गुरुवारी जाऊन आलो. सिस्टर, तुमचं ऐकून आईची शाल काढायला लावली, ४४ च भरली. उंची मात्र विचारूनच लिहिलेली निघाली. भिंतीला टाच लावून मोजली तर १५०. डॉक्टरांनी समोर बसून नव्यानं हिशोब केला, १.३५, डोस ८१. आहाराच्या मॅडमकडेही पाठवलं. आल्यावर ताकातली नाचणीची आंबील दिली, कोमट, मीठ बेताचं. अर्धी वाटी गेली.