मदत हवी आहे: पुणे ते बंगळुरू, पॅकर्स-मूव्हर्स खरा आहे की नाही कसं तपासायचं?

पिंपळपान
शनिवारी सामान बंगळुरूला न्यायचंय. एका साइटवर नंबर टाकला आणि तेव्हापासून फोन थांबत नाहीयेत. तिघांनी २८ ते ३२ हजार सांगितले, एक जण १४ हजारांत तयार आहे. आज रात्रीपर्यंत ५ हजार ॲडव्हान्स यूपीआयवर मागतोय. जीएसटी, आयबीए (इंडियन बँक्स असोसिएशन, बँकांची संघटना) मान्यता, इन्शुरन्स सगळं आहे म्हणतो. द्यावेत का? लवकर सांगा.

कोकणकडा
किती बीएचके? मजला कितवा, लिफ्ट आहे का? घर बघून भाव दिला की फोनवरच? आख्खा ट्रक तुमचा की इतरांच्या सामानासोबत? हे कळल्याशिवाय १४ आणि २८ ची तुलनाच होत नाही.

पिंपळपान
२ बीएचके. इथे चौथा मजला, तिथे दुसरा, दोन्हीकडे लिफ्ट. बघायला कोणी आलं नाही, व्हॉट्सॲपवर यादी पाठवली. ट्रकचं विचारलं नाही. बाइकही आहे.

हिशेबनीस
ॲडव्हान्स थांबवा आणि आधी जीएसटी क्रमांक मागा. जीएसटी पोर्टलवर 'सर्च टॅक्सपेयर'मध्ये टाका, लॉगिन लागत नाही. क्रमांक १५ अक्षरांचा असतो. महाराष्ट्रातली नोंदणी असेल तर सुरुवात २७ ने, कर्नाटकातली असेल तर २९ ने. पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. आता क्रमांकातलं सहावं अक्षर बघा: पी असेल तर एकट्या व्यक्तीची नोंदणी, एफ भागीदारी, सी कंपनी. लेटरहेडवर 'प्रायव्हेट लिमिटेड' आणि सहावं अक्षर पी, तर तिथेच थांबा. स्थिती 'ॲक्टिव्ह' हवी, आणि नोंदणीची तारीख बघाच. 'वीस वर्षांचा अनुभव' सांगणाऱ्याची नोंदणी चार महिन्यांपूर्वीची असेल तर त्याला कारण विचारा.

यूपीआयवर पैसे पाठवण्याआधी खातेदाराचं नाव दिसतं. पोर्टलवरचं, कोटेशनवरचं आणि खात्यावरचं नाव एकच हवं. नामांकित कंपनीच्या नावाला मागेपुढे एखादा शब्द जोडून धंदा करणारे याच ठिकाणी सापडतात.

बँकेतला
इतकं कशाला? आयबीएच्या यादीत नाव असलं की झालं.

हिशेबनीस
नाही पटत. ती यादी बँकांनी ट्रान्सपोर्टरची बिलं स्वीकारावीत यासाठी आहे. तुमचं कपाट कसं बांधतात हे त्यात कोणी तपासत नाही. ऑफिस खर्च परत देताना तसं बिल मागत असेल तर जरूर बघा, पण कोटेशनवरच्या शिक्क्यावर नको, यादीत स्वतः नाव शोधून.

बँकेतला
यादीतला ट्रान्सपोर्टर निदान अस्तित्वात तरी असतो. आजच्या बाजारात तेही थोडं नाही.

घाटमाथा
इन्शुरन्सवर कोणीच बोललं नाही, खरी गोम तिथेच आहे. मूव्हर्सवाला स्वतः विमा काढू शकत नाही. 'तीन टक्के इन्शुरन्स' म्हणत असेल तर विमा कंपनीचं नाव आणि पॉलिसी क्रमांक सामान चढण्याआधी मागा. नसेल, तर ते पैसे त्याच्याच खिशात जातात. बिल्टीवर, म्हणजे ट्रान्सपोर्टर माल घेताना देतो त्या पावतीवर, 'ओनर्स रिस्क' (नुकसानीची जोखीम मालकाची) छापलंय का तेही वाचा. रस्ते वाहतुकीच्या २००७ च्या कायद्याखालच्या नियमांत, जास्त किंमत लिहून दिली नसेल तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंतच. म्हणून बिलात भाडं ५ हजार आणि बाकी सगळं 'पॅकिंग'खाली दाखवलं असेल तर तुमची मर्यादा ५० हजारांवर येते. सामानाची किंमत बिल्टीवर लिहून घ्या.

रानवारा
वॉशिंग मशीन फ्रंट लोड आहे का? असेल तर मागचे ट्रान्झिट बोल्ट शोधा आणि लावूनच पाठवा. ते नसले तर ड्रम रस्ताभर हिंदकळतो आणि सस्पेन्शन जातं. फ्रीज आदल्या दिवशी बंद करून कोरडा करा.

पिंपळपान
मशीन टॉप लोड आहे हो. मला मूव्हर्सचं सांगा.

चेकनाका
कोटेशनमध्ये 'ऑक्ट्रॉय' (जकात) किंवा 'ई-वे बिल चार्ज' (जीएसटीतला मालवाहतुकीचा ऑनलाइन कागद) आहे का बघा. महाराष्ट्रातला जकात कर जीएसटी आल्यावर २०१७ मध्ये संपला, आणि वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल लागत नाही. रस्त्यात ट्रक थांबवून याच नावाने पैसे मागतात.
बाइक तिकडे वर्षभराहून जास्त ठेवणार असाल तर आरटीओची एनओसी लागेल, फॉर्म २८.

पिंपळपान
१४ हजारवाल्याचा क्रमांक टाकला. नोंदणी रद्द, नावही वेगळं. पैसे पाठवले नाहीत. २९ हजारवाल्याचं सगळं जुळतंय, उद्या घर बघायला येतोय. लिहून काय घेऊ?

कोकणकडा
वस्तूंची यादी नगासकट, माळ्यावरचं आणि बाल्कनीतलं धरून. लोक नेमकं तेच विसरतात आणि ऐनवेळी भाव वाढतो. पलंग खोलणं-जोडणं आणि एसी काढणं धरलंय का. ट्रक गेटबाहेर थांबला तर आत वाहून नेण्याची मजुरी किती. ट्रक स्वतंत्र की भागीत: भागीत असेल तर मधल्या गोदामात सामान उतरतं आणि तारीख पुढे जाते. दहा टक्क्यांहून जास्त टोकन नको, आणि थोडी रक्कम सामान उतरल्यावरच.

शनिवारी ट्रकचा नंबर एमपरिवहन ॲपवर टाकून फिटनेस, विमा आणि परमिट बघा. बिल्टी हातात आल्याशिवाय ट्रक हलू देऊ नका. बंगळुरूत खोके उघडण्याआधी फोटो काढा, मोडतोड असेल तर डिलिव्हरीच्या कागदावर लिहूनच सही करा. भरपाईसाठी लेखी नोटीस बुकिंगपासून १८० दिवसांत द्यावी लागते. सामान अडवून जास्त पैसे मागितले तर ११२ ला फोन करा, तक्रार ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर. ग्राहक आयोगात दावा तुम्ही राहता त्या शहरातही लावता येतो, म्हणजे बंगळुरूहून पुण्याला खेटे घालायला नकोत.