जुन्या वनस्पतिसंग्रहातील मर्क्युरिक क्लोराइड

प्रश्न (सातारा): आमच्या महाविद्यालयात कास पठारावरून पूर्वी गोळा केलेले वाळवलेले वनस्पतींचे नमुने आहेत. काही कागदांवर करडे डाग पडले असून कोपऱ्यात फिकट शाईने ‘विषारी’ असे लिहिले आहे. विद्यार्थ्यांच्या हाती ते द्यावेत का?

उत्तर १ (सांगली): सध्या देऊ नयेत. कसर लागू नये म्हणून असे नमुने पूर्वी स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या मर्क्युरिक क्लोराइडमध्ये, म्हणजे पाऱ्याच्या एका क्षारात, बुडवीत असत. हेच द्रव्य एकेकाळी जखमा धुण्यासाठी आणि लाकूड टिकवण्यासाठीही वापरले जाई. हा पांढरा, स्फटिकमय क्षार पाण्यात सहज विरघळतो, आणि तेच त्याचे मोठे दुखणे आहे, कारण पोटात गेल्यास तो आतड्याला भाजतो व मूत्रपिंड निकामी करतो. प्रौढ माणसाच्या जिवावर बेतायला 1 ते 4 ग्रॅम पुरतात. मर्क्युरस क्लोराइड हा पाऱ्याचा दुसरा क्षार त्या मानाने फारच कमी विरघळतो, म्हणून दोघांची गल्लत करू नये.

उत्तर २ (कराड): धोका केवळ स्पर्शाचा नाही. या क्षाराचे हळूहळू पाऱ्यात रूपांतर होऊन बंद कपाटात वाफ साठते. तेव्हा कपाट उघडून, खिडक्या सताड ठेवून, थोडा वेळ बाहेर थांबावे. नायट्राइलचे हातमोजे घालावेत, धूळ व्हॅक्यूम क्लीनरने मुळीच ओढू नये.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. नमुने ॲल्युमिनियमच्या ट्रेमध्ये ठेवले आहेत, ते चालेल का?

उत्तर १: तेवढे आधी बदला. पाऱ्याचे क्षार ॲल्युमिनियम खातात. प्लास्टिकचा ट्रे घ्यावा.