चिमूटभर धूप टाकला असता तर काय बिघडलं असतं?

आळशी_उंट
काल झोप येईना म्हणून कार्थेजच्या पर्पेतुआबद्दल वाचत बसलो आणि मग तर अजिबातच झोप लागली नाही. साल 203, जागा आजच्या ट्युनिशियातली. बाई साधारण 22 वर्षांची, चांगल्या घरची, शिकलेली, अंगावर पिणारं पोर. गुन्हा काय, तर ख्रिस्ती आहे. सुटायचं असेल तर रोमन सम्राटाच्या खुशालीसाठी देवापुढे नैवेद्य-धूप जे काय असेल ते कर आणि घरी जा. म्हातारा बाप येऊन तिच्या पायाशी लोळण घेतो, माझ्या पांढऱ्या केसांकडे बघ म्हणतो, पोराकडे बघ म्हणतो. ही नाहीच म्हणते. 7 मार्चला रिंगणात जनावरांपुढे सोडली.
माझं मत, शिव्या पडल्या तरी चालतील: हा हट्ट आहे. देव मनात असतो ना? मग हाताने काय केलं त्याने काय फरक पडतो, आपण नाही का बॉसच्या घरच्या सत्यनारायणाला जाऊन तीर्थ घेऊन येत, श्रद्धा असो नसो.

बावखल
वसईचा आहे त्यामुळे बायस आधीच कबूल करतो. वसईत जन्मलेल्या आणि 1597 ला नागासाकीत क्रुसावर मारलेल्या संत गोन्सालो गार्सियाचं नाव आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय.
उंटराव, सत्यनारायणाला गेला नाहीत तर बॉस फार तर तोंड वाकडं करेल. इथे धूप टाकणं म्हणजे ‘मी ख्रिस्ती नाही’ असं चारचौघात म्हणणं होतं, आणि ऐकणाऱ्या प्रत्येकाला तोच अर्थ कळत होता. तुरुंगातलं तिचं स्वतःचं टिपण आहे त्यात बापाला ती समोरचा तांब्या दाखवून विचारते, याला तांब्या सोडून दुसरं काही म्हणता येईल का? तो म्हणतो नाही. मग मी पण जी आहे त्यावाचून दुसरं काय म्हणवून घेऊ. यात हट्ट कुठाय, मला तर साधा हिशोब वाटतो.

तिखटमीठ
तांब्याला पोर नसतं हो.
आणि सगळे लोक पर्पेतुआ नव्हते हेही सांगा की. 250 साली डेसिअस सम्राटाने फर्मान काढलं की झाडून सगळ्यांनी देवांना बळी द्यायचा आणि तसा दाखला घ्यायचा. हे दाखले इजिप्तच्या वाळूत सापडलेत, पपायरसवर, चाळीसेक तरी आहेत. मजकूर अगदी आपल्या तहसील ऑफिसातल्या अर्जासारखा ठरीव, मी देवांना नेहमीच भजत आलोय, आत्ता तुमच्यासमोर बळी दिला, प्रसाद चाखला, तरी तसं प्रमाणित करावं ही विनंती. एक दाखला तर चक्क मगर-देवाच्या पुजारणीचा आहे! म्हणजे तिलाही सिद्ध करावं लागलं की बाई मी देव मानते. तर ख्रिस्त्यांपैकी कितीतरी लोकांनी गपचूप बळी दिला, काहींनी बळी न देता पैसे चारून नुसता दाखला मिळवला. माझ्या मते धर्म टिकला तो यांच्यामुळे. सगळेच सिंहाच्या तोंडी गेले असते तर पुढे चर्चमध्ये बसायला कोण उरलं असतं?

बावखल
टिकले हो, पण कशाच्या जोरावर? वादळ ओसरल्यावर हेच लोक दारात रडत आले, आम्हाला परत घ्या म्हणून. का आले? कारण कोणीतरी उभं राहिलेलं त्यांनी बघितलं होतं.

जुनी_वही
दोघेही थोडं एकांगी बोलताय. एक तर सिंह रोज सुटत नव्हते. 112 च्या सुमारास प्लिनी नावाच्या गव्हर्नरने सम्राट ट्राजनला पत्र लिहून विचारलं की या ख्रिस्त्यांचं करू काय, त्यावर उत्तर आलं की शोधत फिरू नका, निनावी तक्रारी घेऊ नका, पण समोर आणला आणि ऐकतच नसेल तर शिक्षा द्या. म्हणजे धोरण असं, की डोळ्यावर येऊ नका. आणि आपणहून मरायला जाणाऱ्यांचं चर्चमधल्या शहाण्यांना पण कौतुक नव्हतं. आशिया प्रांतात एका गव्हर्नरपुढे अशी झुंडच उभी राहिली तेव्हा तो वैतागून म्हणाला, मरायचंच असेल तर उडी मारायला कडे आहेत, फासाला दोर आहेत, मला कशाला त्रास.
आता सिप्रियन बघा. कार्थेजचाच बिशप. 250 ला लपून बसला, लोकांनी पळपुटा म्हटलं. परत आल्यावर दाखलेवाल्यांना प्रायश्चित्त घेऊन आत घ्या म्हणून त्यानेच बाजू मांडली. आणि 258 ला पकडला तेव्हा हलला नाही, मान कापणाऱ्याला 25 सोन्याची नाणी द्यायला सांगून गेला. आता हा पळपुटा की हुतात्मा? एकाच माणसात दोन्ही मावतं.

तिखटमीठ
सिप्रियन पटला. पर्पेतुआ नाही. तिच्याबरोबर फेलिसितास होती, दासी, आठवा महिना. रोमन कायद्याने गरोदर बाईला मारत नाहीत म्हणून ही रडतेय की मी मागे राहीन! तुरुंगात बाळंत झाली, मुलगी झाली, ती कुणा बहिणीने वाढवली आणि ही रिंगणात. हे वाचून मला भक्तीबिक्ती काही आली नाही, पोटात खड्डा पडला.

बावखल
खड्डा मलाही पडतो. आमच्याकडे हे सगळं फुलं लावून सांगतात, बाळंतिणीचं कुणी बोलत नाही. आणि गंमत सांगू का, पैसे चारणारे फक्त दाखलेवालेच नव्हते, पर्पेतुआला तुरुंगात जरा बऱ्या जागी हलवावं, पोराला पाजता यावं म्हणून चर्चच्या दोन सेवकांनी पहारेकऱ्यांना पैसे दिलेले. तिनेच लिहून ठेवलंय.

आळशी_उंट
हे माहीत नव्हतं. म्हणजे लाच चालते, धूप चालत नाही?

बावखल
हो. लाच देताना कुणी तुम्हाला विचारत नाही की तू कोण.

आळशी_उंट
हम्म. तरी मी बापाच्याच बाजूने. पुढे त्याने पोराला तिच्याकडे पाठवायचं बंद केलं, तिथे मला तो कळतो.

जुनी_वही
सुनावणीच्या वेळी पण तो तिला मागे ओढत होता, तेव्हा न्यायाधीशाने त्याला हाकलायला लावलं आणि शिपायाने छडी मारली. तिने लिहिलंय, मलाच लागल्यासारखं झालं.