ईगल्स: परीटघडीचं रॉक? (अनुभव धागा)

अर्धा_चहा

काल रूट कॅनालला आडवा झालो होतो. तोंडात कापूस, डोळ्यांवर तो पिवळा दिवा. आणि छतातल्या स्पीकरमधून आलं ते! आधी नायलॉनच्या तारांची गिटार, मग तो पोटात लागणारा खोल ढप्प, मग ओळख पटल्यावर लोकांचा एकदम उसळलेला आवाज. ईगल्स ह्या अमेरिकन रॉक बँडचं १९९४ चं लाइव्ह ‘हॉटेल कॅलिफोर्निया’. डॉक्टरीणबाई गुणगुणायला लागल्या, ड्रिल चालूच.

हलता येईना, बोलता येईना. सात मिनिटं थेट कराडला जाऊन आलो. १९९५, इंजिनियरिंगचं दुसरं वर्ष. गावात ऑडिओच्या एका दुकानात पुरुषभर उंचीचे स्पीकर आले होते आणि गिऱ्हाईक आलं की मालक हेच लावायचा. आम्ही चौघं दर रविवारी गिऱ्हाईक व्हायचो. चौथ्या रविवारी त्याने विचारलं, “पोरांनो, घेणार आहात की नुसतेच ऐकणार?” मग कॅसेट तरी घेतली. वर्गणी काढून.

सुट्टीत घरी लावली तर दादा (थोरला, लेड झेपेलिन ह्या दणदणीत रॉक बँडचा भक्त) म्हणाला, “हे रॉक नाही, परीटघडीचा शर्ट आहे. घाम कुठाय?” एवढं कडाक्याचं वाजलं आमचं, की आईने टेपरेकॉर्डरची वायर काढून देवघरात नेऊन ठेवली. चार दिवस.

काल अर्धा जबडा बधिर असताना पहिल्यांदाच वाटलं, दादाचं बरोबर होतं की काय? दाताच्या दवाखान्यात खपतं ते रॉक कसलं? मत द्या, पण सोबत अनुभवही येऊ द्या.

बोंबील_फ्राय

आधी दाताचं सांगा. दाढ आहे का? वरची की खालची? कॅप बसवायला टाळाटाळ करू नका, माझ्या मेव्हण्याने केली आणि दात उभा चिरला.

तिसरी_घंटा

दादांना माझा दंडवत. ईगल्स म्हणजे साजूक तुपातला वडापाव.

कोकमसार

@तिसरी_घंटा हसून हसून पुरेवाट! पण साजूक तुपातला का होईना, खपला किती बघा. १९७६ च्या फेब्रुवारीत आलेला त्यांचा निवडक गाण्यांचा अल्बम २०१८ मध्ये अमेरिकेतल्या खपाच्या यादीत मायकेल जॅक्सनला मागे टाकून पहिला आला. ३ कोटी ८० लाख. आणि गंमत म्हणजे त्यात ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ नाहीच, ते गाणं नंतरचं.

तिसरी_घंटा

खप तर मॅगीचाही होतो.

पेन्सिल_कॅपो

नावावरून ओळखलंच असेल (कॅपो म्हणजे गिटारच्या सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा). होस्टेलला गिटार एक, शिकणारे अकरा. पहिलाच कॉर्ड बी मायनर, बार धरताना (एकाच बोटाने सगळ्या तारा दाबताना) तर्जनीचं तुळईत रूपांतर करावं लागतं. त्यावर उपाय म्हणजे गिटारच्या मानेवर दुसऱ्या फ्रेटवर (पट्टीवर) आडवी पेन्सिल आणि त्याला रबरबँडचे आठ वेढे. मग ए मायनर धरायचा, काम झालं. खरा कॅपो मी नोकरी लागल्यावर पाहिला. आमच्या मजल्यावर कुणालाही दुसरं गाणं येत नव्हतं आणि हेही पूर्ण कुणाला येत नव्हतं. शेवटचा दोन गिटारींचा भाग आला की सगळे तोंडाने म्हणायचे. तोंडाने दोन गिटारी! एक वरचा सूर, एक खालचा. आजही कुणी भेटलं की तेच करतो, बायका टेबल बदलतात.

शेजारची_रेवती

>> बायका टेबल बदलतात
आमच्याकडे मी सोलो म्हणते आणि नवरा टेबल बदलतो.

टेपची_कात्री

मी पूर्वी स्टुडिओत होतो (जाहिराती, नभोनाट्यं, मिळेल ते), म्हणून थोडं लांबण लावतो.

परीटघडी म्हणताय ती घडी घालायला काय लागतं ते बघा. ईगल्सचा गिटारवाला डॉन फेल्डर, त्याने कॅलिफोर्नियात मालिबूच्या घरी चाल बांधून कॅसेटवर डेमो (कच्चं रेकॉर्डिंग) केला होता, शेवटच्या सोलोच्या आराखड्यासकट. मग सगळे मायामीच्या स्टुडिओत. फेल्डर आणि दुसरा गिटारवाला जो वॉल्श शेवटचा भाग वाजवायला बसले, तेव्हा त्यांना वाटलं आता सुचेल तसं वाजवू. गाणं म्हणणारा डॉन हेन्ली म्हणाला, थांबा, डेमोसारखं नाहीये हे. अहो पण डेमो वर्षभरापूर्वीचा, आणि कॅसेट पार कॅलिफोर्नियात! शेवटी फेल्डरने घरी फोन लावला, घरकाम करणाऱ्या बाईंना ती कॅसेट शोधायला लावली आणि टेपरेकॉर्डर रिसीव्हरजवळ धरून वाजवायला सांगितली. इकडे ते फोनवरून उतरवून घेतलं, मग शिकून पुन्हा वाजवलं. हे फेल्डर स्वतः मुलाखतींमधून सांगत आलाय.

त्याआधी गाण्याची पट्टी हेन्लीच्या गळ्याला बसेना म्हणून पुन्हा नव्याने रेकॉर्डिंग करावं लागलं होतं. आणि जी अंतिम टेप आपण ऐकतो तिच्यात, निर्माता बिल शिमझिकच्या सांगण्याप्रमाणे, ३३ जोड आहेत. जोड म्हणजे दोन इंची टेप ब्लेडने कापून चिकटवलेली. एक जोड चुकला तर संपलं, मागे जायचं बटण नव्हतं तेव्हा. मी पाव इंची टेपवर दिवसाला चार जोड लावायचो तर हात थरथरायचे. ऐकताना एकही सापडत नाही. मी शोधलेत, हेडफोन लावून, रात्र रात्र.

ह्याला तुम्ही घाम म्हणणार नाही का?

तिसरी_घंटा

म्हणेन. पण धोब्याच्या घामाने शर्टाला घामाचा वास येत नाही ना, तेच तर दादा म्हणतायत.

टेपची_कात्री

बरं. हे चांगलं होतं.

कोकमसार

जाता जाता, त्याच मायामीच्या स्टुडिओत तेव्हा शेजारच्या खोलीत ब्लॅक सॅबथ हे हेवी मेटलवाले होते. त्यांचा आवाज भिंतीतून येऊन ईगल्सचं रेकॉर्डिंग थांबायचं. एका भिंतीच्या अलीकडे ब्लेडने टेप कापणारे, पलीकडे हे.

मांडवी_काठ

आमच्या गोव्यात हा वाद चालत नाही, कारण लग्नात वन मॅन बँडवाला हे वाजवणार म्हणजे वाजवणारच. नवरा-नवरीच्या पहिल्या नाचानंतर नाही, जेवणं उरकत आली की. तोपर्यंत काका मंडळी रंगलेली असतात.

माझा मामा बोटीवर वाजवायचा. क्रूझवर, अठरा वर्षं. सहा महिने तिकडे, मग घरी. तो सांगायचा, रोज रात्री तोच सोलो, आणि जरा वेगळं वाजवायला जावं तर पुढच्या टेबलावरचे गोरे म्हातारे काटे-चमचे थांबवून वर बघायचे. चिडून नाही, काळजीने. तब्येत बरी नाही का ह्याची, असं. मामा म्हणायचा, चूक केली तर मॅनेजरला कळत नाही, पण फरक केला तर कळतो.

निवृत्त झाल्यावर घरी गिटार कधी काढली नाही त्याने. मासे पकडायला जातो. सध्या पाऊस आहे म्हणून घरात बसून मामीचं डोकं खातो.

बोंबील_फ्राय

मासे कुठले मिळतात तुमच्या इथे गळाला?

मांडवी_काठ

शेवटो, तांबोशी. नशीब असेल तर चोणक.

बोंबील_फ्राय

चोणक!! धागाकर्ते, तुम्ही मात्र आठवडाभर मऊ भात.

सा_पासून_सा

मामांची गोष्ट वाचून थांबले जरा.

मला मुद्दा वेगळा वाटतो. आपल्याकडे ख्याल ऐकायला बसलो की कालचंच आज गायलं तर आपण नाराज होतो. नाट्यपदाला बालगंधर्वांना वन्समोअर मिळायचे ते लोकांना तेच पुन्हा हवं म्हणून नाही, दर खेपेला नवीन काहीतरी निघायचं म्हणून. पण भावगीताच्या कार्यक्रमात मधलं बासरीचं वळण जरा बदललं की मागच्या रांगेतून “रेकॉर्डसारखं नाही झालं” येतंच. म्हणजे ऐकणारे आपणच, अपेक्षा दोन.

मी वाद्यवृंदात गायचे, वीसेक वर्षांपूर्वी. एका गाण्यात शेवटी वरचा पंचम होता. रेकॉर्डवर मूळ गायिकेने तो एकदा लावला, झालं. मला तो दर शनिवारी लावायचा होता, घसा बसलेला असो, ताप असो. शुक्रवारपासून पोटात गोळा. रँडी माइजनरबद्दल वाचलं तेव्हा रडू आलं मला, खरंच. ईगल्सचा पहिला बास वाजवणारा, त्यांचा सगळ्यात उंच आवाज. त्याच्या गाण्याच्या शेवटी असाच जीवघेणा वरचा सूर होता आणि लोक त्याचीच वाट बघायचे. १९७७ मध्ये टेनेसीतल्या नॉक्सव्हिलला त्याची तब्येत बरी नव्हती, तो म्हणाला आज नाही म्हणत. बँडमधल्याच ग्लेन फ्रायशी पडद्यामागे मारामारीपर्यंत गेलं. त्याच वर्षी त्याने बँड सोडला. २०२३ मध्ये गेला.

मी पण सोडलं. मारामारी न करता. :)

शेजारची_रेवती

@सा_पासून_सा, ताई, मिठी.

उंबराचं_फूल

+१. आणि तरी तो सूर रेकॉर्डवर लागतो तेव्हा अंगावर काटा येतोच. अपराधी वाटतं आता.

तात्या_विंचूर

तुम्ही लोक फार भावुक. मुंबईत वाढलेल्यांनी रंगभवनच्या पायऱ्यांवर बसून रॉक मशीन हा आपला बँड ऐकलाय, पुढे त्यांचंच इंडस क्रीड झालं. सफाई हवी तर ती. आपली माणसं, आपला पाऊस, घरी जायला शेवटची लोकल. ईगल्स-बिगल्स लांबचे नातेवाईक.

पेन्सिल_कॅपो

तात्या, रॉक मशीनवर वेगळा धागा काढा, मी पहिला प्रतिसाद देतो.

तात्या_विंचूर

काढतो. मुलीची बारावी झाली की.

वाळवंटी_पाहुणी

फिनिक्सहून. आम्ही गेल्या वर्षी आईला घेऊन लास व्हेगासला गेलो होतो, स्फिअर ह्या घुमटाकार सभागृहात ईगल्स बघायला. नवऱ्याचा हट्ट. आई बहात्तर वर्षांची, गुडघे तसेच, आणि आत १८ हजारांच्या आसपास माणसं. चहूबाजूंनी डोक्यावरून जाणारा तो पडदा सुरू झाला तशी आईने माझा हात धरला तो सुटेचना. खुर्चीसुद्धा थरथरते तिथली. आईला वाटलं भूकंप.

आवाज इतका स्वच्छ की आपल्या घरी लावलंय असं वाटावं. नवरा खूश, डोळ्यात पाणी वगैरे. मला मात्र मध्येच शंका आली की मी नक्की काय ऐकतेय, ही माणसं की ती रेकॉर्ड? चुकत कुणीच नव्हतं. एकदा तरी चुका की रे.

पण आईचं वेगळंच. तिने विचारलं, तो तरुण मुलगा कोण? म्हटलं, डीकन फ्राय. त्याचे वडील ग्लेन ह्याच बँडमध्ये होते, २०१६ मध्ये गेले, तेव्हापासून आठ-नऊ वर्षांत हा अधूनमधून वडिलांची गाणी म्हणतो. आई म्हणाली, “मग त्याला बदलून कसं म्हणता येईल? वडिलांची आहेत ना.” आणि उरलेला वेळ फक्त त्याच्याकडेच बघत होती. बाबांना जाऊन तिसरं वर्ष आहे.

बाहेर आल्यावर पाय दुखतात म्हणून व्हीलचेअर शोधण्यात पाऊण तास गेला. ते पुन्हा कधीतरी.

उंबराचं_फूल

काकूंना नमस्कार सांगा.

तिसरी_घंटा

हे वाचून माझी तलवार जरा म्यान. पण फेल्डरला २००१ मध्ये काढून टाकला ते विसरू नका. ज्याने चाल दिली त्यालाच. मग कोर्ट, २००७ मध्ये तडजोड. गुळगुळीत रस्त्याखाली कोण गाडलं गेलंय तेही बघा.

गोडा_मसाला

त्याच्याही आधीचं, ३१ जुलै १९८०, लाँग बीच. स्टेजवर गोड गळ्याने सूर मिळवतायत आणि दोन गाण्यांच्या मध्ये फ्राय आणि फेल्डर एकमेकांना सांगतायत, अजून इतकी गाणी राहिली, मग बघतोच तुला. त्यानंतर बँड फुटला, तरी लाइव्ह अल्बम द्यायचाच होता. एकत्र बसायची तयारी नाही, म्हणून सूर दुरुस्त करायला टेपा कुरियरने ह्या किनाऱ्यावरून त्या किनाऱ्यावर! ऐकताना वाटतं सगळे खांद्याला खांदा लावून उभे आहेत.

मला ह्यात काही नवल वाटलं नाही. आमच्या घरच्या गणपतीत तीन काका. वाड्याच्या वाटणीची केस एकोणीस वर्षं चालू. आरतीला तिघं ओळीत उभे, एकाचा खर्ज, एकाचा मधला, धाकट्याचा वरचा, काय लागायचं हो! शेजारची आळी ऐकायला यायची. मंत्रपुष्पांजली झाली की तिघं तीन दारांनी बाहेर. प्रसाद आम्ही पोरं पोचवायचो.

सा_पासून_सा

हे फार सुंदर लिहिलंत. केस कोण जिंकलं?

गोडा_मसाला

बिल्डर.

तिसरी_घंटा

😂😂

अर्धा_चहा

किती प्रतिसाद! सकाळपासून दुकानात गर्दी, आत्ता जेवताना (मऊ भात, हो) वाचतोय.

दादाला फोन केला होता. तो नाशिकला असतो. त्याला ती फोनवरून कॅसेट ऐकवल्याची गोष्ट सांगितली, म्हटलं बघ किती मेहनत. हसला खूप. म्हणाला, “मी काय म्हणत होतो? फोनवरून इस्त्री करून घेतली!” मग म्हणाला, दुकानातल्या त्या स्पीकरांचं पुढे काय झालं रे. मला माहीत नाही. कुणी कराडचं आहे का इथे? स्टँडजवळ होतं ते दुकान.

@वाळवंटी_पाहुणी, आई काय म्हणाल्या ते दादाला नाही सांगितलं अजून. समोर बसून सांगीन.

पुढची सिटिंग गुरुवारी. खालची दाढ आहे, @बोंबील_फ्राय, उजवीकडची.

बोंबील_फ्राय

खालची म्हणजे चावायचा सगळा भार तिच्यावर. झिर्कोनियाची कॅप घ्या, आणि गुरुवारी बाईंना सांगा दुसरं काहीतरी लावा. त्या गुणगुणताना हात हलला तर?