फीड मोटर पुन्हा बसली, रिवाइंडिंगवाला कोणी ओळखीचा?

ए-३०२: मंडळी, सोसायटीचा विषय नाही, माफ करा. अंबडच्या शेडमध्ये चिवड्याच्या भट्टीला पेलेट बर्नर आहे. आज पोह्यांचा दुसरा घाणा कढईत असताना जाळ गेला. फीड मोटर बसली. जुलैत नवी टाकली होती! दिवाळीच्या ऑर्डरी तोंडावर आहेत. चांगला रिवाइंडिंगवाला सांगा कोणीतरी.

बी-२०३: पेलेट म्हणजे कोंबड्यांचं खाद्य ना?

ए-३०२: नाही हो. भुशाच्या कांड्या. लाकडाचा भुसा, सोयाबीनची फोलकटं वगैरे दाबून करतात, पेन्सिलीएवढ्या जाड. वरच्या हॉपरमधून, म्हणजे कांड्या ओतायच्या डब्यातून, त्या खाली स्क्रूवर पडतात, स्क्रू त्यांना भट्टीत ढकलतो. तो स्क्रू फिरवणारी ही मोटर.

सेक्रेटरी: सर्वांना सूचना. उद्या टाकी धुणार आहे. ११ ते ३ पाणी येणार नाही. भरून ठेवा. नंतर फोन करू नयेत.

बी-१०४: रिवाइंडिंगला नंतर पळ. आधी सांग, मोटर गुणगुणते का मुकी आहे?

ए-३०२: गुणगुणते काका. आणि हात लावला तर चटका बसतोय.

बी-१०४: प्लग काढ. नुसतं बटण बंद करून भागणार नाही. ती टायमरवर चालते, मध्येच फिरली तर बोट स्क्रूत जाईल. गार झाली की मोटरच्या मागचा छोटा पंखा हाताने फिरव. सहज फिरला आणि स्क्रूही हळूहळू सरकला, तर बहुतेक कपॅसिटर गेलाय. पंखा फिरतो पण गिअरबॉक्सचा शाफ्ट हलतच नाही, तर आतल्या गिअरचे दात गेले. पंखाच जरासा हलून ठप्प झाला, तर मोटरला काही झालेलं नाही, स्क्रू अडकलाय.

ए-३०२: जरासा हलतो आणि ठप्प.

बी-१०४: वाटलंच. मोटर सोडवून घे आणि एकटी चालवून बघ. मोटर आणि स्क्रू जोडणाऱ्या कपलिंगचा ग्रब स्क्रू, म्हणजे तो बिनडोक्याचा बारका स्क्रू, शाफ्टच्या चपट्या बाजूवर बसलाय का तेही बघून ठेव. गोल बाजूवर बसला की मोटर फिरते आणि स्क्रू जागेवरच राहतो. लोक मोटरीला शिव्या घालतात, दोष त्या एवढ्याशा ग्रब स्क्रूचा असतो. ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यात असताना हे किती वेळा पाहिलंय!

सी-४०१: माझ्या लेकाकडे कॅनडात घर गरम करायला अशीच शेगडी आहे. तो दिवाळीला येतोय. तिकडची मोटर मागवू का?

बी-१०४: नको ताई. तिकडे १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. आपल्या २३० वर लावली की धूर. ट्रान्सफॉर्मर लावला तरी ५० हर्ट्झवर ती एक षष्ठांशाने हळू फिरणार, आणि तापणारही जास्त.

सी-४०१: बरं झालं विचारलं. तो म्हणतो, थंडी संपली की हॉपर पूर्ण रिकामा करायचा आणि तळातली भुकटी व्हॅक्युमने ओढून घ्यायची. एका वर्षी आळस केला, तर पुढच्या हिवाळ्यात ऐन बर्फात शेगडी बंद.

बी-१०४: पोरगा शहाणा आहे. भुकटी हाच खरा शत्रू.

ए-३०२: काका, निघाला!! मोटर एकटी छान फिरते. स्क्रू उपसला. हॉपरच्या तोंडाखाली नळीत भुकटी बसून दगड झाला होता, स्क्रू ड्रायव्हरने ठोकून काढला. वाटीभर तरी निघाली. त्यात दोन कांड्या फुगून बोटाएवढ्या झालेल्या. आणि हे बघा, स्क्रूच्या दांड्याला गोणी शिवायचा पांढरा दोरा गुंडाळलाय. भोवऱ्याला जाळी गुंडाळावी तसा, पदर एकावर एक.

बी-१०४: कामगार गोणी फाडतो आणि दोऱ्यासकट ओततो. हॉपरवर जाळी टाक. आणि गोण्या कुठे ठेवतोस?

ए-३०२: शेडमध्येच, खाली. भिंतीला लावून.

बी-१०४: नाशिकच्या पावसाळ्यात, फरशीवर, भिंतीला लावून. वा! पाणी लागलं की कांडी फुगते आणि तिचा परत भुसा होतो. लाकडी फळ्यांवर ठेव, भिंतीपासून वीतभर लांब. गोणी उघडली की एक कांडी मोडून बघायची, काडकन मोडली पाहिजे. दाबल्यावर चुरा झाला तर ती गोणी बाजूला काढ.

ए-३०२: हो. अजून एक. जाळ जास्त होत होता म्हणून मी मोटरला पंख्याचा रेग्युलेटर लावला होता, फिरणं कमी करायला.

बी-१०४: कधी लावलास?

ए-३०२: जूनमध्ये.

बी-१०४: आणि जुलैत मोटर गेली! अरे, रेग्युलेटरने वेगाबरोबर जोरही जातो. आधीच स्क्रूत भुकटी, त्यात अशक्त मोटर. अडकून उभी राहिली की तापणारच. काढ तो आजच. फीड कमी-जास्त करायचं ते टायमरवर. किती सेकंद चालू, किती बंद?

ए-३०२: ३ चालू, ५ बंद.

बी-१०४: थंड भट्टीत स्क्रूच्या तोंडाशी बादली धर. नळी भरून माल पडायला लागला की पुढची ५ मिनिटं मोज आणि वजन कर.

ए-३०२: केलं. ४०० ग्रॅम.

बी-१०४: म्हणजे तासाला ४.८ किलो. ४ चालू, ४ बंद केलंस तर ६.४ होईल. आता एका वेळी अर्धा सेकंदच बदल आणि १५ मिनिटं थांब. लगेच परत बटणं दाबायची नाहीत. जाळ लांब, लाल, काळपट टोकाचा आणि कढईला काजळी, म्हणजे फीड जास्त किंवा वारा कमी. आधी ब्लोअरची जाळी आणि राखेची भोकं साफ आहेत का बघ. तुम्ही लोक राख काढत नाही आणि फीडशी खेळत बसता. जाळ आखूड, ठिणग्या उडवणारा असला तर वारा जास्त.

ए-३०२: काजळी होती खरी.

बी-१०४: बंद करताना आधी फीड बंद कर. तोंडाशी राहिलेल्या कांड्या जळून जाईपर्यंत ब्लोअर चालू ठेव. नाहीतर निखारा नळीतून मागे हॉपरकडे सरकतो. नळीचं तोंड आतून काळं आहे का?

ए-३०२: आहे, चार बोटं आतपर्यंत.

बी-१०४: म्हणजे निखारा मागे सरकतोच आहे. आजपासून हॉपरचं झाकण घट्ट लावायचं. आणि जुलैतली मोटर फेकली का?

ए-३०२: कोपऱ्यात पडलीय.

बी-१०४: येताना घेऊन ये.

बी-२०३: थंडीत गॅलरीत अशी शेगडी बसवता येईल का हो? निफाडला पारा उतरला की आपल्याकडेही हुडहुडी भरते.

सेक्रेटरी: नाही.

बी-१०४: धुरांड्याशिवाय तर मुळीच नाही. गॅलरीचं दार लावून बसलात तर कार्बन मोनॉक्साइडचा वाससुद्धा येणार नाही. शाल घ्या.

ए-३०२: काकांनी जुनी मोटर पार्किंगमधल्या बाकावर उघडली. वाइंडिंग मल्टीमीटरवर ठीक, गिअरचे दात शाबूत, कपॅसिटर तेवढा फुगलेला. जुनं ग्रीस पुसून नवं भरलं, कपॅसिटर बदलला, चालू! म्हणजे जुलैत मी धडधाकट मोटर बाजूला टाकली होती. आता एक जास्तीची हाताशी आहे.

सेक्रेटरी: पार्किंगच्या बाकावर ग्रीस कोणी सांडलंय? आत्ताच माझी पँट गेली.

ए-३०२: आमचंच. उद्या सकाळी धुऊन टाकतो. चिवडाही पाठवतो.

बी-२०३: धुताय ते ११ च्या आत धुवा.