पत्रकावर ‘एबीए’ छापलं म्हणजे शास्त्र झालं का?

पिंप्राळ्याची_आई
जळगावात स्वमग्न (ऑटिस्टिक) मुलांसाठीच्या एका थेरपी सेंटरचं पत्रक मिळालं. ‘एबीए थेरपी! ४७ टक्के मुलं नॉर्मल!’ एबीए म्हणजे वागणूक मोजत मोजत, टप्प्याटप्प्याने बदलण्याची पद्धत. त्याच पॅकेजमध्ये ब्रेन जिम (मेंदूसाठी म्हणून करायचे व्यायाम) आणि गहू-दूध बंद.

हा ४७ टक्क्यांचा आकडा मानसशास्त्रज्ञ लोव्हास यांच्या १९८७ च्या अमेरिकेतल्या अभ्यासातला. त्या गटात मुलं होती १९, त्यातली ९. आठवड्याला ४० तास, दोन वर्षं किंवा जास्त. कोणतं मूल कोणत्या गटात, हे चिठ्ठ्या टाकून ठरलं नव्हतं. इथलं पॅकेज आठवड्याला तीन तासांचं! माझ्या मते, सुरू करण्याआधीची नोंद नसेल तर नाव काहीही द्या, तो अंदाजपंचे कारभार. मुलाच्या प्रगतीचा आलेख मागितला तर म्हणाले, “फरक दिसतोय ना ताई?”

रावेरचा_मामा
ताई, पुण्या-मुंबईचे नियम इकडे नका लावू. आमच्या भाच्याचं गहू-दूध बंद केलं, चार महिन्यांत ‘आई’ म्हणाला. कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी आम्ही तशीही खातो, बिघडलं काय? आणि सेंटरवाल्या मॅडमची आरसीआयकडे (भारतीय पुनर्वास परिषदेकडे) नोंदणी आहे.

पिंप्राळ्याची_आई
दादा, ‘आई’ म्हणाला याचा आनंदच आहे. पण चार महिन्यांत तो चार महिन्यांनी मोठाही झाला. स्वमग्नतेवर सिक्रेटिन या संप्रेरकाच्या इंजेक्शनचा असाच बोलबाला झाला होता. १९९९ मध्ये चाचणी झाली, तर नुसतं सलाइन टोचलेल्या मुलांतही जवळपास तेवढीच सुधारणा. पालक खोटं बोलत नव्हते, मुलं खरंच पुढे गेली होती. फक्त औषधामुळे नाही. आणि नोंदणी माणसाची असते, तो विकतो त्या प्रत्येक उपायाची नाही.

धुळ्याचे_सर (विशेष शिक्षक)
ताईंचं निम्मं पटलं. आलेख मीही काढतो. पण सुबक आलेख काढून चुकीचं कामही करता येतं, त्याचं काय? ‘नजरेला नजर ८० टक्के’, ‘हात फडफडवणं शून्य’. त्या फडफडण्याने कोणाचं काय अडलं होतं? पाहुण्यांसमोर बरं दिसावं एवढंच ना! लोव्हासच्या त्याच अभ्यासात मांडीवर चापट मारणंही होतं, हे पत्रकवाले सांगत नाहीत. एबीएचा पाया घालणाऱ्या बेअर, वुल्फ आणि रिस्ली यांनी १९६८ मध्येच लिहून ठेवलंय की बदलायची वागणूक त्या माणसाच्या आणि समाजाच्या दृष्टीने महत्त्वाची हवी. संडास लागली हे मुलाने खुणेने सांगणं, ते मोजा.

पिंप्राळ्याची_आई
सर, मान्य. पण न मोजणाऱ्याला हे कारण आयतंच मिळेल.

रावेरचा_मामा
बरं भो, मागतो आलेख. नाही दिला तर? दुसरं सेंटर कुठंय आमच्याकडे?

धुळ्याचे_सर
घरीच करा. एकच वागणूक धरा. आठवडाभर काही न बदलता रोज किती वेळा, ते वहीत लिहा. मग एकच गोष्ट बदला. भाकरी, थेरपी आणि गोळी एकदम सुरू केली तर कशाने काय झालं ते ब्रह्मदेवालाही कळणार नाही.

रावेरचा_मामा
सर, केळी भरायच्या दिवसांत वही कोण धरणार? माझी बहीणच. स्वयंपाक तिचा, शेत तिचं, पोरगं तिचं, आता तुमचा आलेखही तिचाच. मग सेंटरवाले पैसे कशाचे घेतात?